सतरा नंबरचा मेंदू

लग्नाच्या पंगतीत शेजारची बाई हमखास विचारते, "ताई, तुम्ही नोकरीत काय करत होत्या?" मी खरं तेच सांगते, "मेंदूतली चरबी काढत होते." बाईच्या हातातला जिलबीचा तुकडा तिथंच थांबतो. आमचे हे पलीकडून डोळे वटारतात. "जेवताना काहून सांगतं वं हे?" आता काय करू? नोकरीची शेवटची आठ वर्षं तेच केलं. बँकेत होते म्हणून सांगू?

नागपुरातल्या एका मोठ्या कॉलेजच्या जीवरसायन विभागात मी टेक्निशियन होते. कॉलेजचं नाव लिहीत नाही, माणसांची नावंही बदलली आहेत, माझं तेवढं खरं समजा. मी मंदा. उमरेडच्या विणकराची पोरगी. घरात चार माग होते, त्यामुळे बारीक काम आणि न संपणारं काम, दोन्हीची भीती कधी वाटली नाही. बी.एस्सी. झाले, डीएमएलटी हा लॅबचा डिप्लोमा केला आणि लोकांच्या रक्तातली साखर मोजत तेवीस वर्षं काढली. मग विभागात नव्या मॅडम आल्या आणि म्हणाल्या, "मंदाताई, आता आपण मेंदू करायचा."

पहिला धक्का मला तिथंच बसला. मॅडमनी सांगितलं की मेंदूतलं पाणी वगळलं तर उरतं त्यातलं अर्ध्याहून जास्त नुसती चरबी असते. मला वाटलं, मॅडम काहीतरी भलतंच बोलून राहिल्या. आमच्याकडे माजलेल्या माणसाला 'चरबी चढली' म्हणतात, आणि इथे तर सगळा शहाणपणाच चरबीत! घरी येऊन ह्यांना सांगितलं, तर हे म्हणाले, "तरीच तुह्यं डोकं एवढं जड हाये."

पण ही पोटावरची चरबी नव्हे. ज्यांना यातलं काही माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते, कारण मलाही नव्हतं. मेंदूच्या प्रत्येक पेशीभोवती एक पडदा असतो, दुधावरच्या सायीहूनही कितीतरी पातळ. तो चरबीचा असतो. एका पेशीकडून दुसऱ्या पेशीकडे निरोप जातो तो ह्या पडद्यातून. पडदा लवचीक असेल तर निरोप बिनबोभाट जातो. आपल्या नागपूरच्या थंडीत खोबरेल तेल बाटलीत गोठून बसतं, पण जवसाचं तेल वाहतं राहतं, हे सगळ्यांनी पाहिलंय. चरबीही तशीच, काही गोठणारी, काही वाहती. म्हातारपणी पडद्यातली काही वाहती चरबी कमी होत जाते. आणि ज्यांची आठवण फारच गेलेली असते त्यांच्या मेंदूत 'प्लाझ्मालोजेन' नावाची एक चरबी जास्तच घटलेली दिसते. ती घटते म्हणून आठवण जाते, की आठवणीचा आजार होतो म्हणून ती घटते, हे मला विचारू नका. मॅडमनाही ठाऊक नव्हतं. त्यासाठीच तर सगळा खटाटोप चालला होता. आणि जवसाची चटणी खाल्ली तर फायदा होतो का, हेही विचारू नका. सगळे तेच विचारतात.

काम असं असायचं. देहदान झालेल्या माणसाचा मेंदू काही तासांच्या आत काढला जायचा, ठरलेल्या जागेचा एक तुकडा उणे ऐंशीच्या फ्रीजरमध्ये यायचा. त्यातला हरभऱ्याएवढा भाग मी काचेच्या नळीत, काचेच्याच दांडीनं घोटायची. वरून क्लोरोफॉर्म आणि मिथेनॉल. मग गाळायचं, मिठाचं पाणी घालायचं आणि गुमान ठेवून द्यायचं. सकाळी पाहिलं की दोन थर झालेले असतात. वरचा फेकायचा. खालच्या थरात माणसाची चरबी असते. ती वाळवायची, पण हवेत नाही, नायट्रोजनखाली. हवा लागली की मेंदूची चरबी तेलासारखीच खवट होते आणि सगळी मेहनत मातीत. मग काचेच्या पट्टीवर थेंब टेकवायचा, पट्टी कडेनं द्रावणात उभी करायची. चरबीचे प्रकार आपापल्या चालीनं वर चढतात. मधे एकदा पट्टीला आम्लाची वाफ दिली की प्लाझ्मालोजेन तुटतं आणि वेगळ्या जागी जाऊन बसतं. शेवटी आयोडिनच्या पेटीत पट्टी ठेवली की पिवळे-तपकिरी ठिपके उमटतात. गडद ठिपका म्हणजे भरपूर, फिकट म्हणजे कमी.

मी उगाच नम्रपणा करत नाही, माझ्यासारखी पट्टी आख्ख्या कॉलेजात कोणाची उतरत नव्हती. एका मे महिन्यात दुपारी लाइट गेली, जनरेटर बसला, आणि फ्रीजरमध्ये चोवीस माणसांचे मेंदू. मी शहरभर फोन करून कोरडा बर्फ मागवला आणि ऑटोत पोती मांडीवर घेऊन आणला. साडी थिजून कडक झाली होती. एकही नमुना खराब झाला नाही. मॅडम तेव्हा म्हणाल्या होत्या, "मंदाताई, तुम्ही आहात म्हणून हा प्रोजेक्ट आहे." हे वाक्य मी फार दिवस मिरवलं.

आता प्रोजेक्टची गंमत अशी की नुसता मेंदू असून चालत नाही. माणूस जिवंत असताना त्याची आठवण कशी होती हेही कागदावर हवं. म्हणून देहदानाचा फॉर्म आधीच भरून ठेवलेल्या म्हाताऱ्यांच्या घरी जाऊन चाचणी घ्यायची होती. आज वार कोणता, हे तीन शब्द लक्षात ठेवा, घरातल्यांची नावं सांगा, असले प्रश्न. मॅडम पुण्याच्या. त्या विचारायच्या, "आजोबा, आज कोणता वार आहे बरं?" आणि आजोबा घाबरून मुलाकडे पाहायचे. मग मॅडमनी निम्मी घरं माझ्याकडे दिली, निम्मी एका समाजसेवकाकडे. "तुमची भाषा त्यांना कळते," म्हणाल्या.

मला तर रानच मोकळं मिळालं. पारशिवनीकडच्या एका शेतकरी बाबाला मी तारीख विचारली. तो म्हणाला, "तारीख सरकारची असते वं बाई. मले तिथी विचार." तिथी सांगितली, नक्षत्र सांगितलं, वर कालव्याला पाणी कधी सुटणार तेही सांगितलं. कागदावर तारखेला शून्य पडत होतं. मी पूर्ण गुण दिले आणि बाजूला शेरा लिहिला, 'तारखेऐवजी तिथी अचूक.' मॅडमनी शेरा वाचून टाळीच दिली. "हे बाहेरच्या माणसाला कळलं नसतं हो!" म्हणाल्या. तेव्हापासून मी शेरे लिहायला लागले. जिथं कागद आणि आपली माणसं जुळत नाहीत, तिथं मी मधे पडायची. मला वाटायचं, मला सगळं कळतं.

दर सहा महिन्यांनी चाचणी पुन्हा घ्यायची असं ठरलं होतं. समाजसेवक दुसरीकडे नोकरीला लागला, माझ्याकडे लॅबचं काम वाढलं, आणि बऱ्याच घरी आम्ही एकदाच जाऊन आलो ते आलोच. याची तेव्हा कोणाला टोचणी लागली नाही. मलाही नाही.

मग आली सतरा नंबरची नळी. मेंदू कोणाचा हे मला कधीच कळत नसे. नावं मॅडमच्या कपाटात, माझ्या हातात फक्त नंबर, म्हणजे हातून पक्षपात नको. सतरा नंबरची पट्टी पेटीतून काढली आणि पाहते तर प्लाझ्मालोजेनच्या जागी ठिपका जवळजवळ नाहीच. बाकीचे ठिपके ठसठशीत. मी आकडे मॅडमना दिले.

मॅडमनी कपाटातली यादी पाहिली आणि कपाळाला आठ्या घातल्या. "मंदाताई, सतरा नंबर ठणठणीत गटातला आहे. आठवण उत्तम. हे असं येऊच शकत नाही."

"आलंय तं खरं," मी म्हटलं.

"नायट्रोजन संपला असेल. नाहीतर नळ्या बदलल्या असतील."

माझ्या तोंडात मारल्यासारखं झालं. एकतीस वर्षांत माझ्या हातून नळी बदलली नव्हती. मी रागारागानं पुन्हा तुकडा घेतला, पुन्हा घोटला, पुन्हा पट्टी लावली. तेच. तिसऱ्यांदा मॅडमना शेजारी बसवून लावली. तेच! "एका ठिपक्यावरून काही ठरत नाही," मॅडम म्हणाल्या. ते बरोबरच होतं, पण माझ्याशी त्या सरळ बोलेनात. निवृत्तीला चार महिने उरले होते आणि विभागात कुजबुज सुरू झाली की मंदाताईंचा हात आता थरथरतो. जेवणाच्या सुट्टीत मी डबा उघडायची आणि तसाच बंद करायची. घरी ह्यांच्यावर खेकसायची. शेवटी मीच हट्ट धरला की ह्याच मेंदूचा राखून ठेवलेला दुसरा भाग पॅथॉलॉजीवाल्यांना दाखवा. त्यांना काही न सांगता दाखवा.

दोन आठवड्यांनी रिपोर्ट आला. अल्झायमरच्या खुणा, त्याही जागोजागी, वर्षानुवर्षांच्या.

काय सांगू मला काय वाटलं! मी शिपायाला पिटाळून सगळ्या विभागासाठी आलूबोंडे मागवले. बुढीचा हात थरथरतो म्हणणाऱ्यांच्या पुढ्यात मी स्वतः प्लेटा नेऊन ठेवल्या. मॅडमच्या टेबलावर ठेवली आणि विचारलं, "आता सांगा, हा माणूस ठणठणीत आहे असं कोण्या शहाण्यानं लिहिलं? त्या समाजसेवकानंच ना? त्याले तं मी तेव्हाच ओळखलं होतं."

मॅडमनी कपाटातून फॉर्म काढला आणि माझ्याकडे सरकवला.

अक्षर माझं होतं.

आपलेच दात, आपलेच ओठ. मी तो कागद हातात घेतला आणि नाव वाचलं. वेणूबाई. गांधीबागेच्या मागच्या गल्लीत राहणाऱ्या, आमच्यासारख्याच विणकराच्या घरातल्या. त्या गेल्या हेच मला ठाऊक नव्हतं. ज्यांच्या माजघरात बसून मी चहा प्याले, त्यांच्याच मेंदूचा तुकडा मी तीनदा घोटला होता, तोही चिडून.

मी फॉर्म वाचत गेले तशी ती सकाळ डोळ्यांपुढं येत गेली. जवळजवळ अडीच वर्षं झाली होती. वार विचारला तेव्हा वेणूबाई हसून म्हणाल्या होत्या, "आमाले काय वं, सगळे वार सारखेच." मला ते फार शहाणपणाचं वाटलं होतं. अर्धा गुण. तीन शब्दांपैकी एक आठवला. मुलाचं नाव सांगितलं, नातवाचं सांगितलं. सुनेचं विचारलं तर दाराकडे बोट दाखवून "हे आमची" म्हणाल्या. मग मी विचारलं, "आणि यजमानांचं नाव?" त्यांचे यजमान सदाशिवकाका दारातच उभे होते. वेणूबाईंनी त्यांच्याकडे पाहिलं, पदर तोंडाला लावला आणि मान खाली घालून लाजल्या.

नवऱ्याचं नाव घ्यायचं नाही ही आमच्याकडची रीत. मी स्वतः तेहतीस वर्षांत ह्यांचं नाव उच्चारलेलं नाही, उखाण्यात घेतलं तेवढंच. पुण्याच्या मॅडमनी तिथं शून्य दिलं असतं. मी कशी देणार? मी हसले, सून हसली, काकाही हसले. मी पूर्ण दोन गुण दिले. बाजूला माझा शेरा आहे, झोकदार अक्षरात, 'रिवाजानुसार नाव घेत नाही. ओळख पक्की.'

वेणूबाई ठणठणीत गटाची रेषा बरोबर त्या दोन गुणांनी ओलांडून गेल्या होत्या.

"तुमचा हात बरोबर होता, मंदाताई," मॅडम हळू आवाजात म्हणाल्या. "मला माफ करा." आलूबोंडा तिथंच गार झाला.

घरी आले. हे टीव्हीसमोर बसले होते. माझ्या डोक्यात एकच भुंगा. मी ह्यांचं नाव घेत नाही, पण मला ते येतं हे बाहेरच्या कोणाला कसं कळणार? मी स्वयंपाकघराच्या दारात उभी राहिले आणि मोठ्यानं म्हणाले, "प्रभाकर."

हे ताडकन उठले. "काय झालं वं? कोन गेलं?"

मी मटकन खाली बसले आणि रडायलाच लागले. सगळं सांगितलं. ह्यांनी पाणी आणून दिलं आणि म्हणाले, "मंग आता कागद दुरुस्त कर अन मोकळी हो." पुरुषांना वाटतं तेवढं सोपं ते नव्हतं. कागद मॅडमनी दुरुस्त केलाच असता. सतरा नंबर एका गटातून उचलून दुसऱ्या गटात टाकला की मॅडमच्या शोधनिबंधाचं काम भागत होतं. पण नियम असा की आधी घरच्यांकडून पुन्हा माहिती घ्यायची. मॅडम म्हणाल्या, फोनवर घ्या. मी म्हटलं, मी जाते. एवढं तरी मला करायला हवं होतं.

गल्ली तीच, दारापुढचा नळ तोच. सून शोभा ओटा धूत होती. तिनं ओळखलं. "या ना जी बाई. आई गेल्या, तुमाले समजलं असन." मी मान हलवली. चहा ठेवता ठेवता तिला सासूबाईंच्या आठवणीबद्दल विचारलं, तर तिचा हात थांबला.

"मले तं आधीपासूनच शंका होती. कधी मलेच म्हनत, तू कोनाची वं पोरगी? भाजीत दोनदा मीठ. एकदा आंघोळीले गेल्या अन तशाच बसून राहिल्या. मी ह्याईले सांगतलं का डाक्टरले दाखवू. तं हे म्हनले, कॉलेजच्या बाई तपासून गेल्या ना, त्याईनं ठीक लिहलं ना. मंग मी कायले बोलू?"

म्हणजे माझे दोन गुण नुसते फॉर्मवर पडून नव्हते. ते ह्या घरात अडीच वर्षं वावरत होते, सुनेच्या तोंडावर हात ठेवून. ह्या आजाराला रामबाण औषध नाही हे मला माहीत आहे. पण आजार आहे हे माहीत असणं आणि नसणं, यात केवढं अंतर आहे ते मला त्या ओट्याशी कळलं.

तेवढ्यात सदाशिवकाका बाहेरून आले. फार वाळले होते. मला पाहून आनंदले, "बसा बसा" केलं, आणि स्वतः घरापुढच्या छपरीतल्या बाजेवर जाऊन टेकले. माजघरात आलेच नाहीत. मीच उठून त्यांच्याजवळ गेले, खाली ओट्यावर बसले.

"कशा होत्या काकू शेवटी?" मी विचारलं.

काकांनी पायांकडे पाहिलं. "रागातच गेली जी. शेवटी मायाशी एक शब्द नाही बोलली."

"राग? कशाचा?"

"मी माग विकला ना. शेवटचा माग. आता विनतं कोन, अन धूळ खात पडून होता. विकला. तेव्हापासून तिनं तोंड फिरवलं. म्या माफी मांगतली, एकदा नाही, दहादा. तुमी याच्या आधी एक दिस शेजारच्याकडून धोटा मांगून आनला, तिच्या हातात देल्ला. म्हनलं, घे, आठवन म्हनून ठेव. तं तिनं उलटापालटा करून पाहला अन मलेच इचारते, हे काय होय जी? चाळीस वर्सं मायासंग कांडी भरली तिनं! एवढा टोमना कोनी मारते का?"

धोटा म्हणजे मागावर आडवा धागा घेऊन धावणारा लाकडी तुकडा, आणि कांडी म्हणजे त्यात बसणारी धाग्याची नळी. विणकराची बाई आपल्या लेकराचं तोंड विसरेल पण धोटा विसरणार नाही, असं माझी आई म्हणायची.

सांगावं की नाही? खरं सांगते, वाटेत मी ठरवलं होतं की काकांना काही बोलायचं नाही. म्हाताऱ्या माणसाला कशाला आता? बायको रागावून गेली हे दुःख मोठं, की बायकोला आपण कोण हेच आठवत नव्हतं हे मोठं? मला तेव्हाही ठरवता आलं नाही, आजही येत नाही. पण हा माणूस न केलेल्या गुन्ह्याची माफी मागत होता, आणि तो गुन्हा त्याच्या गळ्यात माझ्या पेनानं पडला होता. मला तिथं गप्प बसवेना.

"काका," मी म्हटलं, "काकू रागावल्या नव्हत्या. त्याईले आजार होता, डोक्याचा. तेव्हापासूनच होता. मायाच्यानं चूक झाली. तो टोमणा नव्हता जी. त्याईले धोटा खरंच आठवला नव्हता." मी थांबले. "अन तुमीही."

काकांनी मान वर केली. "म्हनजे?"

"तुमी कोन, हे त्याईले आठवत नव्हतं."

दारात शोभा कपबशी घेऊन उभी होती, तिच्या डोळ्यांतून पाणी घळघळा वाहत होतं. काकांनी मात्र डोळे एवढाले केले. मला वाटलं, आता शिव्या देतील. द्याव्यात असं वाटलं.

"म्हनजे राग नव्हता?" त्यांनी विचारलं.

"नव्हता."

"मागाचा नव्हता?"

"कशाचाच नव्हता काका."

त्यांनी श्वास सोडला. चेहरा एकदम सैलावला, चक्क हसू आलं. "ऐकलं का वं शोभा? तुह्या सासूले राग नव्हता." मग ते हसू तसंच चेहऱ्यावर राहून गेलं आणि डोळे बदलले. त्यांना काहीतरी सुचलं होतं.

"पन बाई," ते म्हणाले, "तुमीच तं म्हनलं होतं ना."

"काय म्हणलं होतं?"

"तुमी तपासून निंगाल्या तेव्हा मी नळापाशी तुमच्यामागं आलतो. इचारलं, बाई, ते मायासंग बोलत काहून नाही? तुमी हसल्या. म्हनल्या, डोकं तं तुमच्यापेक्षा तल्लख हाये त्याईचं. तुमीच काही केलं असन काका. थोडे दिस नजरेपुढं नका येऊ, राग उतरला का बोलतीन आपोआप."

मी नळाकडे पाहिलं. मला काही आठवेना. एक शब्द आठवेना! असं मी म्हणाले असणार, नक्कीच म्हणाले असणार, माझं बोलणंच तसं आहे, जाता जाता थट्टा करायची आणि निघून जायचं. लोकांची आठवण तपासणारी मी, आणि मला स्वतःचं बोलणं आठवत नव्हतं. काकांना अक्षर न् अक्षर पाठ होतं.

"तुमी दवाखान्यातल्या," काका सांगत होते, रागानं नाही, हिशेब लागल्यासारखं, शांतपणे. "मंग मी आत जानंच सोडलं. येथंच बाज टाकली. येथंच जेवाचो, येथंच निजाचो. आतून तिच्या चालन्याचा आवाज ये, कधी रडन्याचा ये. म्हनलं जाऊ का? मंग म्हनलं नाही, गेलो तं अखीन चिडीन. दोन वर्सं गेलो नाही जी."

शोभानं कपबशी खाली ठेवली. मी काकांचे पाय धरायला वाकले, तर त्यांनी माझा हात मधेच धरला आणि तसाच धरून ठेवला. हात गार पडला होता त्यांचा.

"मले सांगतलं असतं ना बाई, तं मी जवळ बसलो असतो. रोज सकायी तिले माह्यं नाव सांगतलं असतं."